पी ००८७ आला की पंप गेला असं नसतं : आंब्याच्या सीझनमध्ये अडकलेल्या माझ्या पिकअपचा अनुभव

पहिलं हेच लिहितो कारण यासाठीच लिहायला बसलोय. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ००८७ आला म्हणजे डिझेल जोरात दाबून पुढे पाठवणारा हाय प्रेशर पंप गेला असं नसतं. त्या कोडचा अर्थ एवढाच की ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) रेलमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं मिळालं नाही. का मिळालं नाही हे कोड सांगत नाही, ते माणसाने शोधायचं असतं आणि त्यासाठीच आपण वर्कशॉपला पैसे देतो.

गाडी माझी २०१८ ची, बीएस ४ पिकअप, चार सिलिंडर कॉमन रेल. एप्रिल-मेमध्ये लांज्याहून हापूसच्या पेट्या कोल्हापूर मार्केटला. साखरप्यापर्यंत काही त्रास नाही, पण आंबा घाटाचा चढ लागला आणि भरलेल्या गाडीला ॲक्सिलरेटर दाबला की चेक लाईट पेटायची, दम जायचा, आरपीएम दोन हजाराच्या वर जायचाच नाही. कडेला घेऊन चावी बंद करून परत चालू केली की गाडी नीट, पुढच्या चढाला परत तेच. रिकामी गाडी कुठेही पळवा, काही नाही. आणि एक, सकाळी थंड गाडी एका सेल्फला चालू व्हायची पण घाट चढून गरम झालेली गाडी बंद केली तर सेल्फ खूप वेळ मारायला लागायचा. ही गरम-थंडची गोष्ट मी प्रत्येकाला सांगितली, तिथेच खरं उत्तर होतं.

डिझेल फिल्टर आधीच बदलून घेतला होता, फिल्टरमधलं पाणी काढलं, फिल्टरच्या पुढे थोडी पारदर्शक नळी लावून बुडबुडे येतात का ते गावातल्या गॅरेजवाल्याने बघितलं, हवा धरत नव्हती. टाकीपासून पंपापर्यंतची बाजू नीट होती.

मग गाडी नेली मोठ्या वर्कशॉपमध्ये, नाव लिहीत नाही. स्कॅनर लावला, कोड आला, सुपरवायझर म्हणाले, "पंप गेलाय, पंप आणि चारही इंजेक्टर बदलायला लागतील." पाच मिनिटांत निदान! खर्च ऐकून मी म्हटलं साहेब, लाईव्ह डाटा लावून एकदा घाटात चक्कर मारू या, मागितलेलं प्रेशर किती आणि मिळालेलं किती ते बघू. तर म्हणे रोड टेस्टला माणूस नाही. म्हटलं निदान इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करा, प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगळ्या बाटलीत घेऊन किती येतं ते बघायचं, चार नळ्या चार बाटल्या. तर म्हणे, "ते किट आमच्याकडे नाही आणि त्या टेस्टचा लेबर कोड सिस्टीममध्ये नाही, जॉब कार्डवर टाकता येत नाही." मला आजही हे वाक्य आठवलं की डोकं तापतं. ज्या टेस्टला चार पारदर्शक नळ्या आणि चार बाटल्या लागतात ती होत नाही, कारण बिलात तिला जागा नाही, आणि लाखाच्या आसपासचे पार्ट मात्र लगेच ऑर्डर करता येतात.

मी नवीन पंपाला नाही म्हटलं. मग त्यांनी तोडगा काढला, पंप काढून डिझेल लॅबला पाठवू, बेंचवर टेस्ट करून रिपोर्ट आणू. मी विचारलं आधी गाडीवरच्या टेस्ट का नको, तर उत्तर "आमची प्रोसेस अशीच आहे". पंप निघाला, गाडी बोनेट उघडं ठेवून शेडमध्ये उभी, आणि इकडे बागेत पेट्या भरून तयार. रोज फोन करायचो, रोज "रिपोर्ट आलेला नाही". काउंटरवर गेलं की ते म्हणायचे लॅबला विचारा, लॅबचा नंबर मागितला तर कस्टमरला देत नाही. भाड्याची गाडी करून माल पाठवला, सीझनमध्ये भाडं किती मागतात ते आंबावाल्यांना माहीत आहे. शेवटी मीच काउंटरसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि म्हटलं रिपोर्ट दाखवल्याशिवाय उठत नाही, तेव्हा कळलं की रिपोर्ट कधीच आला होता. पंप ओके! पंप ओके आला तर सुपरवायझर काय म्हणाले असतील? "तरी पण बदलून टाका, कोड पंपाचाच आहे."

मी पंप परत बसवायला लावला आणि गाडी घेऊन निघालो. तेव्हा एक गोष्ट मी धरून ठेवली ती बरोबर ठरली, रिपोर्टची झेरॉक्स आणि जॉब कार्डवर तक्रार माझ्या शब्दांत : "लोडवर चढाला पॉवर जाते, गरम असताना सेल्फ जास्त". तुम्हीही तसंच लिहायला लावा, नाहीतर ते "पिकअप प्रॉब्लेम" एवढंच लिहितात आणि नंतर भांडायला आपल्या हातात काही राहत नाही.

रिकामी गाडी हळूहळू घाट चढवून कोल्हापूरला उद्यमनगरात नेली, तिथे एका जुन्या डिझेल फिटरकडे. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न, "पंप कुणी काढाय सांगिटलं? आधी बाटल्या लावून बघू, मग बोलू." मला तिथेच बरं वाटलं.

त्यांनी आधी सेन्सर खरं बोलतोय का ते बघितलं. चावी ऑन, इंजिन बंद, रेल प्रेशर सेन्सरच्या सिग्नल वायरला साधारण ०.५ व्होल्ट यायला पाहिजे, तेवढा आला. मग लाईव्ह डाटा लावून मागे वजन टाकून रस्त्यावर चक्कर. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) मागणी ३०० बारच्या (बार हे प्रेशरचं माप) आसपास आणि मिळतंय पण तेवढंच, म्हणून शेडमध्ये उभ्या गाडीत काही दिसत नाही. लोड आला की मागणी १४०० च्या वर आणि मिळालेलं प्रेशर ९०० ला अडकून खाली यायला लागलं, पंपात डिझेल किती जायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. म्हणजे पंप आहे तेवढं देतोय, कुठूनतरी निसटतंय. पाण्याच्या टाकीला भोक असेल तर मोटर बदलून काय उपयोग, तसं आहे हे.

परत आल्यावर गरम इंजिनवरच चारही इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून बाटल्या टांगल्या. मोजमाप इंजेक्टरप्रमाणे बदलतं, पण चौघांची तुलना महत्त्वाची. एक, तीन आणि चारच्या बाटल्यांत सारखं डिझेल, तळाशी थोडं, आणि दोन नंबरची बाटली जवळजवळ भरत आली. मी त्या बाटलीचा फोटो काढून ठेवलाय. मग खात्रीसाठी इंजिन बंद करून, प्रेशर उतरल्यावर दोन नंबरची रेलवरची जागा ब्लँक नटने बंद केली, तीन सिलिंडरवर गाडी चालू केली आणि प्रेशर झटकन वर गेलं. रेलच्या टोकाच्या, जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं रिटर्नही बघितलं, कोरडं होतं. गरम असताना सेल्फ का जास्त लागायचा तेही कळलं : गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून जास्त निसटतं, आणि सेल्फ मारताना पंप हळू फिरत असल्यामुळे चालू होण्याइतकं प्रेशर साठत नाही.

एक मधेच सांगतो, सोलेनॉइडवाल्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरलाच ही उघड्या बाटलीची टेस्ट करा, पायझो (विजेने फुगणाऱ्या क्रिस्टलवर चालणाऱ्या) इंजेक्टरला रिटर्न लाईनमध्ये प्रेशर ठेवावं लागतं, तिथे ही पद्धत चालत नाही.

आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं : चालू इंजिनवर हाय प्रेशर पाईपचा नट कधीही सैल करू नका, करू देऊ नका. जुन्या गाड्यांना कुठला सिलिंडर मिस करतोय ते बघायला मेकॅनिक चालू गाडीत नोझलचा नट ढिला करायचे, ती सवय अजून हातात आहे. आमच्या गावातल्या पोराने पाना लावलाच होता, मी त्याचा हात धरला. कॉमन रेलमध्ये १६०० बार, काही गाड्यांत त्याहूनही जास्त प्रेशर असतं, ती धार कातडीतून आत शिरते, वरून फक्त बारीक टिपका दिसतो आणि आत सगळं खराब होत जातं. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना डिझेल प्रेशरने आत गेलंय हे स्पष्ट सांगा. लीक शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा.

दोन नंबरचा इंजेक्टर बदलला, खाली नवीन कॉपर वॉशर आणि त्याचा हाय प्रेशर पाईपही नवीन. इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड असतो, तो स्कॅनरने ईसीयूत टाकायला लागतो, नाहीतर आयडलला गाडी हलते, नॉक करते. बसवण्याआधी त्याचा फोटो काढा, नंतर पाईपांमध्ये वाचता येत नाही. बाकीचे तीन इंजेक्टर चांगले होते, त्यांना हात लावला नाही.

त्यानंतर पूर्ण भरलेली गाडी आंबा घाट चढली, लाईट नाही, दम नाही गेला, वर थांबवून मुद्दाम बंद केली आणि एका सेल्फला चालू झाली. मी तिथून फिटरना फोन करून सांगितलं, ते खूश झाले.

कोकणात पावसाळ्यात फिल्टरमधलं पाणी आठवड्याला काढा, इंजेक्टर आणि पंपाच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात, पाणी आणि कचरा तिथेच घात करतो. वर्कशॉपने पंप काढण्या-बसवण्याची मजुरी घेतली ती परत मागायला मी लॅबच्या पंप ओके रिपोर्टची झेरॉक्स आणि बाटलीचा फोटो जोडून लेखी अर्ज दिलाय, पोच घेतली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.