महालातल्या पायऱ्या

नागपूरला चितार ओळीच्या मेट्रो स्टेशनवर उतरलो तेव्हा पावणेआठ वाजले होते आणि बोटं गारठली होती. मामेबहिणीच्या मुलाचं लग्न संध्याकाळी. सकाळ मोकळी म्हणून तिने फुटाळा, दीक्षाभूमी, झिरो माइल अशी यादी करून दिली होती. ती खिशात घातली आणि महाल या जुन्या वस्तीकडे चालू लागलो.

मला जमिनीकडे बघत चालायची खोड आहे. बायको म्हणते, "कायम पाकीट हरवल्यासारखा चालतोस." पुण्याच्या पेठेत वाढलो, तिथले बोळाच्या कडेचे काळे दगड माझ्या देखत गेले. कोणी नेले, कधी नेले, काही कळलं नाही. तेव्हापासून परगावी गेलो की आधी रस्त्याचा काठ बघतो.

चितार ओळीत मूर्तिकारांची दारं अर्धवट उघडी होती आणि मातीचा ओला वास गल्लीभर होता. बडकस चौकात तर्री-पोहे खाल्ले. तर्री डोक्यात गेली, त्याबद्दल इतकंच. पुढे एका गल्लीत पाइपलाइनसाठी नाली खोदली होती. तिथे मी जो थांबलो तो पाऊण तास हललो नाही.

खणलेल्या भिंतीत थरच थर. वर वीतभर सिमेंट, त्याखाली डांबर, त्याखाली जुनं डांबर, मग गिट्टी-मुरूम. आणि सगळ्यात तळाशी, साधारण मांडीइतक्या खोलीवर, उभ्या बसवलेल्या विटांची एक ओळ, कडेला घडीव काळा दगड. आजच्या विटेपेक्षा पातळ, कडा झिजून गोल झालेल्या. "हा रस्ता होता का?" मी विचारलं. मिस्त्री खाली वाकून म्हणाला, "रस्ता नसन जी, जुनी नाली वाटते. नाहीतर कोण्या वाड्याचं अंगण." ते काहीही असो, एकही वीट फुटलेली नव्हती. वरचं सिमेंट मात्र ब्रेकर लावून फोडावं लागत होतं.

फरक इथेच आहे. रेतीवर बसवलेली वीट किंवा दगड पहारीने उचलता येतो. खालचं काम झालं की तोच परत त्याच जागी बसतो, सांध्यांतून पाणीही मुरतं. सिमेंटचा फोडलेला तुकडा परत बसत नाही, तिथे नवा ओतावा लागतो आणि जोड कायमचा दिसत राहतो. गट्टूंना, म्हणजे सिमेंटच्या तयार ठोकळ्यांना, मी नाकं मुरडत नाही, तत्त्व तेच आहे. फक्त गट्टू काय, वीट काय, कडेला पक्का दगड हवा. काठ सुटला की गाड्यांच्या वजनाने सगळा रस्ता बाहेर पसरतो. काठाचा दगड शोभेचा आहे असं समजून तो आधी काढतात, आणि दोन पावसाळ्यांनी रस्ता खचला म्हणून ओरडतात.

समोरच्या घरातले काकाजी स्वेटर, मफलर आणि पायांत नुसत्या चपला अशा थाटात बाहेर आले. बाहेर आले म्हणजे चढून आले. रस्त्यावरून त्यांच्या दारात जायला दोन पायऱ्या उतराव्या लागत होत्या.

"पुण्याचे का? बोलण्यावरून वाटलंच." मग दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "आमच्या आजोबाच्या टायमाले चार पायऱ्या चढून घरात जावं लागे. पोरं त्याच्यावर बसून गप्पा हाणत. मंग डांबर आलं, एक पायरी गेली. अजून एक थर आला, दुसरी गेली. आता सिमेंटचा आला तं आमीच खड्ड्यात. पाऊस आला का पयले पाणी आमच्या छपरीत, मंग नालीत."

जुना थर खरवडून काढायचा, मग नवा टाकायचा, इतकी साधी गोष्ट. खरवडायला पैसे लागतात, म्हणून वरच ओततात. चार पायऱ्या वर आणि दोन खाली: या गावाचा अलीकडचा इतिहास मला कुठल्याही फलकापेक्षा तिथे स्वच्छ वाचता आला.

जुना इतिहासही दगडातच आहे म्हणा. गोंड राजा बख्त बुलंद शाहने १७०२ मध्ये खेडी जोडून हे नगर वसवलं, मग भोसल्यांनी महाल उभा केला. त्यांचा काळ्या दगडाचा, कोरीव लाकडाचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला, नगारखाना तेवढा उरला. नगरपालिका झाली तीही १८६४ मध्येच. नागपूर वसलंही मजेच्या जागी आहे. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा पाषाण इथे संपत येतो, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला कामठीच्या बाजूला वाळूचा दगड सुरू होतो. काकाजींच्या जोत्यात दोन्ही दगड शेजारी शेजारी होते, एक काळा गार, एक पिवळसर खरखरीत. आणि वीट म्हणाल तर रामटेकजवळ मनसरला वाकाटक राजांच्या वेळचं, दीड हजार वर्षांपूर्वीचं विटांचं बांधकाम अजून बघायला मिळतं. विदर्भाला वीट नवी नाही.

एवढ्यात दोघे मजूर तो घडीव काळा दगड ट्रॉलीत टाकायला निघाले. "कुठे नेणार?" "भराव टाकाले." मी काही बोलायच्या आत काकाजी ओरडले, "ठेव बे तो! माह्या बापानं बसवला होता." बसवला होता की नव्हता, देव जाणे. मजुरांनी हसत दगड त्यांच्या दारापुढे टेकवला आणि निघून गेले.

काकाजींनी मफलर कमरेला बांधला, मला दुसऱ्या टोकाला उभं केलं. "धरा जी तिकून. घरातच न्यायचा हाय नं, उतरवणं सोपं आहे."