टोल टाळा, फेरीबोट टाळा

मोटारसायकलच्या हँडलवर बसवलेल्या जीपीएसचा नकाशा ताजा करायचा तो रात्रीच, असं माझं ठाम मत आहे. दिवसा घरातल्या वायफायला चार तोंडं लागलेली असतात आणि हे यंत्र काही जीबी गिळल्याशिवाय पानावरून उठत नाही. त्याला लागते ती केबलही घरात आता दुसऱ्या कशाला चालत नाही. जाडसर तोंडाची, जुनी मिनी यूएसबी. ती ड्रॉवरच्या तळाशी मेणबत्त्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या खाली असते. सापडली की लॅपटॉपला जोडायची, यंत्राच्या पडद्यावर कॉम्प्युटरचं एक चित्र उमटतं आणि मग ‘उरलेला वेळ’ नावाची करमणूक सुरू होते. पंचवीस मिनिटं. अकरा मिनिटं. दोन तास. पुन्हा सतरा मिनिटं. लग्नघरातल्या आचाऱ्याला पंगत कधी बसेल विचारलं, तर तोही असंच सांगतो.

“आई, फोनवर हे सगळं फुकट मिळतं की,” असं मुलगा जाता जाता म्हणतो. मिळतं. पण ऐन जुलैत ताम्हिणीत त्या फोनला रेंज नसते. पडद्यावर पावसाचे थेंब पडले की त्याला वाटतं बोटंच फिरतायत, आणि हातमोज्यातल्या बोटाला मात्र तो ओळखही देत नाही. शिवाय मोटारसायकलच्या इंजिनाची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकते, हे खुद्द ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलंय. माझं यंत्र यातल्या कशालाच दाद देत नाही. नकाशा त्याच्या पोटातच असतो, रेंज असो नसो. फक्त तो शिळा होतो.

लोकांना वाटतं, उपग्रह वरून रस्ते बघून आपल्याला वाट सांगतात. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि तिथून ते खाली पाठवतात ती मुख्यतः अचूक वेळ आणि आपण स्वतः कुठे आहोत याचा हिशेब. किमान चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र आपली जागा ताडतं. वरच्याला ना रस्ता ठाऊक, ना नदी, ना चांदणी चौक. रस्ता कुठे आहे हे सांगायचं काम निव्वळ नकाशाचं, आणि तो कुणीतरी गाडी फिरवून, कागद तपासून, हाताने भरलेला असतो. उपग्रहाचा संदेश या क्षणाचा असतो, नकाशा कधीतरी मागचा. या दोघांची गाठ पडते आपल्या हँडलवर.

ती कशी पडते, हे पुण्यातल्या माणसाला चांदणी चौकाचं नाव काढलं की लगेच कळेल. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला आणि नवा उड्डाणपूल, त्याच्या सगळ्या रॅम्पसकट, ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. या काळात ज्यांच्या यंत्रात जुना नकाशा होता ते नसलेल्या पुलावरून जात होते. निदान पडद्यावर तरी. नंतर ते नव्या रॅम्पवर चढले, तेव्हा बाण कोऱ्या पांढऱ्या जागेत तरंगत होता आणि आतली बाई ‘रस्त्यावर या, रस्त्यावर या’ म्हणून विनवत होती.

आता खरी गंमत. अपडेट झाल्यावर नवं काय आलं ते पाहायला मी लॅपटॉपवर महाराष्ट्राचा नकाशा उघडते. अटल सेतू आलेला असतो, २१.८ किलोमीटर, समुद्रावरून सरळ. दुचाकीला बंदी. मुंबईचा कोस्टल रोड आलेला असतो. बंदी. नागपूरपासून निघालेला समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पार ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत येऊन पोचला, सगळा मिळून ७०१ किलोमीटर. त्यावरही दुचाकी नाही. वांद्र्याचा सी लिंक, पुण्याचा एक्स्प्रेसवे ही तर आमच्या बंदीची जुनी घराणी. थोडक्यात, मी रात्र जागून जे रस्ते उतरवून घेते, त्यातल्या सगळ्यात देखण्या रस्त्यांवर मला पाऊल टाकायची सोय नाही. वर पुन्हा यंत्र मोटारसायकलचं म्हणून विकत घेतलेलं! पण ते ज्या मुलखात घडलं तिथे मोटारसायकल मोटरवेवरून बिनदिक्कत जाते, म्हणून ते तिला एक सडपातळ मोटार समजतं. इथे मोटारसायकल म्हणजे बाजारहाट, दुधाचे कॅन, तीन माणसं आणि एक गॅस सिलिंडर. एक्स्प्रेसवेवर तिला का घेत नाहीत, हे मला कळतं. यंत्राला कळत नाही.

यावर उपाय म्हणून सेटिंगमध्ये ‘काय काय टाळू?’ असा एक रकाना आहे. हायवे टाळा, टोल टाळा, फेरीबोट टाळा, कच्चे रस्ते टाळा. एक्स्प्रेसवे चुकवायचा म्हणून ‘हायवे टाळा’वर खूण केली, तर साताऱ्याला जातानासुद्धा यंत्र आपल्याला गावागावांतून, गोठ्यांच्या अंगणातून नेतं. मग वाटतं, ‘टोल टाळा’ बरं. एक्स्प्रेसवेला टोल आहे, आपोआप चुकेल. चुकतो. पण त्याबरोबर टोलनाका असलेले सगळे राष्ट्रीय महामार्गही चुकतात, जिथे दुचाकीला मुळात टोलच नाही! नाक्याच्या डाव्या अंगाला ती चिंचोळी वाट असते ना, जिच्यातून आरसे सांभाळत आपण फुकट निघून जातो, ती कुठल्याच नकाशात नसते. टोलचे पैसे वाचवायला यंत्र चाळीस किलोमीटरचा वळसा घालतं, आणि ते पैसे द्यायचेच नव्हते.

‘फेरीबोट टाळा’ला तर मी हातही लावत नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने रायगडातून रत्नागिरीकडे उतरायचं, तर आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा खाड्या आडव्या येतात आणि त्या बोटीनेच ओलांडाव्या लागतात. नकाशात ती पाण्यातली तुटक रेघ असते. ती टाळली की दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला यंत्र थेट चिपळूणचं तोंड दाखवून आणतं. बोटीत मोटारसायकल बाजूच्या स्टँडवर लावायची, पुढच्या चाकाला पाय टेकवून उभं राहायचं, पलीकडच्या धक्क्यावर फळी पडली की सगळ्यांच्या आधी बाहेर. मोटारवाल्यांना तिथे मागे राहावं लागतं. आम्हाला फार थोड्या जागी पहिला मान आहे, त्यातली ही एक. शेवटची बोट कधी सुटते, ते मात्र धक्क्यावरच विचारावं.

कॉम्प्युटरवरचा नकाशा वेगळा आणि यंत्रातला वेगळा, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. अपडेट करताना विचारतात, नकाशा यंत्रावर टाकू की कॉम्प्युटरवरही? कंटाळा केला नाही तर दोन्हीकडे टाकावा. कारण लॅपटॉपवर बसून आपण जो मार्ग आखतो, त्याची सबंध रेघ यंत्रात जातेच असं नाही. बऱ्याचदा जातात ते आपण रोवलेले बिंदू. मधली जोडणी यंत्र आपल्या पोटातल्या नकाशावरून स्वतः करतं. दोन नकाशांच्या आवृत्त्या निराळ्या असल्या, की घरी कुंभार्ली घाटातून गेलेला मार्ग रस्त्यावर भलतीकडे वळतो.

जुने जपून ठेवलेले मार्गही असेच नासतात. मुंबई-गोवा रस्ता दुपदरी होता तेव्हा त्याच्या मधोमध टाकलेला बिंदू चौपदरीकरणानंतर पलीकडच्या बाजूला जाऊन पडतो. दहा मीटरचाच फरक, पण मध्ये दुभाजक आहे. यंत्र इमानदार. ते आपल्याला पुढच्या भुयारी रस्त्यापर्यंत नेतं, वळवतं, उलट दिशेने त्या बिंदूला शिवून आणतं आणि पुन्हा वळवून मार्गाला लावतं. म्हणून अपडेट झाल्यावर मी लॅपटॉपवर एकेक जुना मार्ग उघडते, मोठा करून बघते आणि बिंदू ओढून रस्त्यावर आणते. घरच्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला यात प्रवासाइतकीच मजा येते, कदाचित थोडी जास्त. पाठ दुखत नाही.

नावांचं म्हणाल, तर ती आधी सरकारी कागदावर बदलतात, मग पाट्यांवर, मग नकाशात. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव २०२३ चे, अहिल्यानगर २०२४ चं. शोधताना जुनं टाकून पाहावं, मग नवं. वडगाव शोधायचं असेल तर पाण्याची बाटली घेऊन बसावं. मावळ, शेरी, बुद्रुक, निंबाळकर, शिवाय ते इंग्रजी स्पेलिंगात व्हीने लिहिलंय की डब्ल्यूने, हा जुगार वेगळाच.

आणि काही गोष्टी कुठल्याच अपडेटमध्ये येत नाहीत. वरंधा घाट माझ्या नकाशात बारा महिने उघडा असतो. पावसाळ्यात तो खरा कसा आहे, हे भोरच्या टपरीवर कळतं.

“काका, वरंधा चालू आहे का?”

“मोठ्या गाड्यांना बंद हाय. तुमचं निघंल की, ताई. धरणाच्या पुढं माती आलीय रस्त्यावर, तिथं दमानं जावा.”

इतकी ताजी बातमी, चहाच्या पैशांत. वाट विचारायची ही रीत नकाशाहून जुनी आहे. खंडाळ्याच्या जुन्या घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. बोरघाटातून उतरायची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि दाखवून झाल्यावर त्यांनी त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. जुन्या रस्त्याने जाणारे अजून तिथे नाणं टाकतात. एक्स्प्रेसवेवरच्या गाड्यांना ते देऊळ लागत नाही. आम्हाला लागतं, कारण आम्हाला त्याच रस्त्याने जावं लागतं.

म्हणूनच, बंदी घातलेल्या रस्त्यांचे इतके जीबी मी का उतरवून घेते, याचं माझ्यापुरतं उत्तर आहे. जाड रेघ जिथे नवी उमटते, तिच्या शेजारची बारीक रेघ मोकळी झालेली असते. ट्रक, बस, घाईतल्या मोटारी सगळ्या नव्या रस्त्याला लागतात आणि जुना रस्ता, त्याच्या वडांसकट आणि वळणांसकट, आमच्या वाट्याला येतो. नवा नकाशा मी वाचते तो असा: कुठे नवं बांधलं आणि म्हणून कुठे गर्दी कमी झाली. कशेडीला बोगदे झाले. त्यातून मोटारसायकल जाते, काही मिनिटांत पोलादपूरकडून खेडकडे. यंत्राला साहजिकच तोच रस्ता आवडतो. पण घाट अजून आहे. तो हवा असेल तर लॅपटॉपवर घाटातल्या वळणांवर नेमके बिंदू रोवावे लागतात, नाहीतर बाई आपल्याला बोगद्यात घालते, आणि आत उपग्रह दिसत नाहीत म्हणून तिथे तीही गप्प.

या हिशेबात एक खोट आहे, ती मला ठाऊक आहे. माझ्यासाठी रिकामा झालेला घाट तिथल्या वडापाववाल्यासाठीही रिकामाच झालेला असतो. नकाशात ती हॉटेलं अजून दिसतात, चमच्या-काट्याच्या खुणेसह, फोन नंबरासह. त्यातली उघडी किती, हे गेल्यावर कळेल. पुढच्या खेपेला घाटानेच जायचं ठरवलंय. चहा थर्मासमध्ये भरून नेणार आहे. आणि एखादी टपरी उघडी दिसली, तर तो तसाच परत आणून घरी ओतून देईन.