आठवीनंतरचे ताट

माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवताना एक विसंगती मला दरवर्षी जाणवते. मुलांची उंची वाढली की घरीदारी तिचे कौतुक होते. पहिल्याच तासाला बाकावर डोके टेकणाऱ्या किंवा दोन जिने चढताच धाप लागणाऱ्या मुलीबद्दल मात्र ‘अभ्यासाचा ताण असेल’, नाहीतर ‘मुळातच आळशी आहे’, एवढेच बोलले जाते. तिच्या रक्तात लोह कमी असेल, ही शंका सहसा कोणाला येत नाही.

मुलींची उंची झपाट्याने वाढू लागते ती साधारण दहाव्या-अकराव्या वर्षी, आणि बाराव्या वर्षाच्या आसपास हा वेग सर्वाधिक, म्हणजे वर्षाला सुमारे ८ सेंटीमीटर असतो. मुलग्यांमध्ये हाच टप्पा जवळपास दोन वर्षांनी येतो. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची आणखी वाढते, पण बहुधा ५ ते ७ सेंटीमीटरच, कारण इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने लांब हाडांच्या टोकांजवळची कूर्चा हळूहळू हाडात रूपांतरित होते आणि तिथली वाढ थांबते. हाडांत कॅल्शियम साठण्याचे काम मात्र त्यानंतरही चालू असते. म्हणूनच १३ ते १५ वर्षे वयासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. बाकीची भर दूध, दही, ताक, तीळ आणि काट्यांसकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान मासळीने घालता येते.

खरा पेच लोहाचा आहे. त्याच संस्थेच्या तक्त्यानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २,८६० किलोकॅलरी आणि २२ मिलिग्रॅम लोह लागते, तर त्याच वयाच्या मुलीला २,४०० किलोकॅलरी आणि ३० मिलिग्रॅम लोह. वाढत्या शरीराबरोबर रक्ताचे प्रमाण वाढते, त्यासाठी दोघांनाही लोह हवे असते. मुलीच्या बाबतीत पाळीतून दरमहा जाणारे लोहही भरून काढावे लागते. म्हणजे ती भावापेक्षा कमी जेवणार असली, तरी तिच्या प्रत्येक घासात त्याच्या दीडपटीहून अधिक लोह असायला हवे. अनेक घरांत वाढण्याची रीत नेमकी याच्या उलट असते. अंडे किंवा मासळीचा तुकडा आधी मुलाच्या ताटात पडतो, आणि मुलगी आईबरोबर शेवटी बसून उरलेले खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातल्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेले, आढळले, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

त्यातच शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला त्यातून रोज ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. नववीत पाऊल ठेवताच ते जेवण बंद होते. योजना प्राथमिक शिक्षणाशी जोडलेली असल्यामुळे ही सीमा आठवीवर आखली गेली, हे मान्य. पण शरीराची गरज इयत्ता पाहून कमी होत नाही. मग सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मधल्या सुट्टीत वडापाव आणि शिकवणीहून परतल्यावर रात्री उशिरा जेवण, असा कित्येकींचा दिवस ठरून जातो. (मुलग्यांचे पालक मला विचारतात ते प्रोटीन पावडरबद्दल. पंधरा वर्षांच्या मुलाला लागणारी ४५ ग्रॅम प्रथिने डाळ, उसळ, दूध आणि अंडी यांतून भागतात, एवढेच त्यांना सांगते.)

गूळ-शेंगदाण्यांनी रक्त वाढते, हा समज आमच्याकडे पक्का आहे. शेंगदाणे चांगलेच, पण गुळाच्या एका खड्यातून एक मिलिग्रॅमही लोह मिळत नाही. बाजरीच्या एका भाकरीतून साधारण ४ मिलिग्रॅम मिळते. वनस्पतीजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते, तरी त्याच जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असेल, तर क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते, आणि जेवणाला लागून घेतलेल्या चहामुळे ते घटते. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणे आणि चहा तासभर पुढे ढकलणे, या दोन्ही गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

तरीही केवळ आहारातून ३० मिलिग्रॅमचा पल्ला गाठणे कठीण असते, म्हणून शाळेत आठवड्यातून एकदा दिली जाणारी निळी गोळी टाळू नये. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती उपाशीपोटी घेतल्यास मळमळते आणि शौचाला काळे होते. यांपैकी पहिला त्रास जेवणानंतर गोळी घेतल्यास कमी होतो, दुसरा निरुपद्रवी आहे. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळीही याच उपचाराचा भाग आहे, कारण आतड्यातले अंकुशकृमी रक्तावरच जगतात. मात्र हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असण्याचे कारण प्रत्येक वेळी लोहच असेल असे नाही. ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थॅलेसेमिया, आणि नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेल (हे दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार), ही कारणेही असू शकतात. त्यामुळे गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, तर गोळ्यांची संख्या घरच्या घरी वाढवण्याऐवजी पुढची तपासणी करून घ्यावी.