रस्ता झाला, गाडीचे काय?

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षे शिकवतो आहे. माझ्या विषयाचा वाहतुकीशी काही संबंध नाही; परंतु सकाळी पहिल्या तासाला हजेरी घेताना कोणत्या गावची मुले गैरहजर आहेत, यावरून त्या दिवशी कोणती गाडी आली नाही हे मला कोणाला न विचारता कळते. हजेरीपटाच्या आधाराने जिल्ह्याच्या वाहतुकीविषयी जे समजले, ते एकदा सविस्तर लिहावे असे मनात होते.

काही वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. जत तालुका क्षेत्रफळाने जिल्ह्यात सर्वांत मोठा, आणि इथली वस्ती रानोमाळ विखुरलेली. तिचे घरही गावठाणापासून दोन किलोमीटर आत, मळ्यात होते. पहाटे उठून, डबा घेऊन ती फाट्यापर्यंत चालत येई. फाट्यावर निवारा नव्हता. एक लिंबाचे झाड आणि कुठल्याशा योजनेतून उरलेला सिमेंटचा पाइप, एवढाच काय तो थांबा. त्या पाइपवर मुले दप्तरे ओळीने मांडून ठेवीत. गावात रात्री मुक्कामी असलेली एसटी सव्वासहाला निघे आणि मुले सातच्या आत आमच्या फाटकात उतरत. एके वर्षी तो मुक्काम बंद झाला. गाडी सकाळी आगारातून सुटू लागली, त्यामुळे ती आमच्याकडे पोहोचेपर्यंत सव्वाआठ होत, आणि तोवर दोन तास झालेले असत. त्या मुलीने काही दिवस वडापने, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपने, येऊन पाहिले. "सर, जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली की बसायला जागा नसते," असे तिने मला सांगितले होते. पुढे वडिलांनी वडापने पाठवणे बंद केले आणि बारावीला तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच परीक्षा दिली. त्याच वर्षी तिच्या गावाच्या रस्त्याचे डांबरीकरण झाले होते. फलक लागला, नारळ फुटला, रस्ता खरोखर चांगला झाला आणि त्यावरून येणारी सकाळची गाडी मात्र गेली.

आपल्याकडे वाहतूक नियोजन म्हटले की रस्ता, पूल आणि चौपदरीकरण एवढेच डोळ्यांसमोर येते. त्या कामांचे मोल मी कमी मानत नाही. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर नेले, आणि पावसाळ्यात बाळंतिणीला बाजेवरून न्यावे लागण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्याची किंमत सांगावी लागत नाही. परंतु ज्याच्या घरी मोटारसायकल नाही, त्याच्यासाठी रस्ता म्हणजे त्यावरून ठरलेल्या वेळी येणारी गाडी होय. त्या वेळेचे नियोजन कोण करतो, हा प्रश्न मी गेली काही वर्षे अनेकांना विचारत आलो आहे.

कागदोपत्री पाहिले तर नियोजन करणाऱ्यांची उणीव नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रादेशिक योजना तयार होते, पण तिचा मुख्य विषय जमिनीचा वापर आणि रस्त्यांची आखणी हा असतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आली. तिथे रस्त्यांसाठी निधी मंजूर होतो. रस्ते कुठे जिल्हा परिषदेचे, कुठे सार्वजनिक बांधकाम विभागाचे, कुठे राष्ट्रीय महामार्गाचे. परवाने १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली परिवहन प्राधिकरण देते, बसचे वेळापत्रक आगार आणि विभाग ठरवतात, रेल्वेचे वेळापत्रक रेल्वे ठरवते आणि शाळेची घंटा शाळा ठरवते. यातील प्रत्येक जण आपापले काम करत असतो. फाट्यावरच्या मुलीचा अख्खा दिवस एका कागदावर मांडून पाहणे मात्र यांपैकी कोणाचेच काम नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या प्रवासाचा विचार करावा असे सांगितले, पण ते शहरांपुरते होते. खेड्यांच्या वाट्याला तसा विचार अजून आलेला नाही.

बसच्या हिशेबाची जी पद्धत आहे, तिच्यातही एक अडचण दडलेली आहे. फेरी चालू ठेवायची की नाही, हे ठरवताना तिचे भारमान, म्हणजे जागांच्या मानाने प्रवासी किती, आणि दर किलोमीटरचे उत्पन्न पाहिले जाते. आडमार्गावरच्या फेरीचे भारमान कमी भरणारच. पण त्या फेरीने आलेला माणूस पुढे तालुक्याहून मिरजेची किंवा पुण्याची गाडी धरतो, तेव्हा ते तिकीट लांब पल्ल्याच्या फेरीच्या खात्यावर जमा होते. ओढ्याचे पाणी नदीत मोजायचे आणि ओढा कोरडा म्हणून बुजवायचा, असे हे आहे. फेरीचा हिशेब एकटीचा न करता साऱ्या मार्गजाळ्याचा एकत्र केला, तर आज तोट्यात दिसणाऱ्या कितीतरी फेऱ्यांचे खरे मोल दिसेल, असे मला ठामपणे वाटते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. दोन्ही निर्णय चांगलेच आहेत, परंतु ज्या गावाला दिवसातून एकच गाडी येते, तिथल्या आजीला ही सवलत त्या एका गाडीपुरतीच मिळते.

वडापवाल्यांना या सगळ्यात खलनायक ठरवण्याची प्रथा आहे. ती मला मान्य नाही. जिथे एसटी येत नाही तिथे बाजाराच्या दिवशी शेळी, कांद्याचे पोते आणि माणूस अशा तिघांना नेणारा तोच असतो. दोष त्याच्या व्यवसायाच्या रचनेत आहे. टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेण्याचा परवाना त्याच्याकडे नसतो, म्हणून तो चोरून घेतो. आणि वेळेशी बांधील नसल्यामुळे गाडी भरेपर्यंत थांबतो. मळ्यातील वस्त्यांपासून फाट्यापर्यंतचा तुकडा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात आणि मर्यादित प्रवासी घेऊन चालवण्याचा परवाना त्याला मिळाला, तर तो एसटीचा स्पर्धक न राहता तिला प्रवासी आणून देणारा सोबती होईल.

जिल्ह्याच्या पश्चिमेचा प्रश्न अगदी निराळा आहे. वाळवा आणि पलूसच्या बाजूला गावे जवळजवळ आहेत, गाड्याही आहेत, पण गाळप हंगामात रस्ता उसाच्या ताब्यात जातो. तोडलेला ऊस लवकर कारखान्यात पोहोचला नाही तर साखरेचा उतारा घटतो, म्हणून वाहतूक रात्रंदिवस चालते. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर अंधारात, कित्येकदा मागे लाल पट्टी नसताना, रस्त्याच्या मधोमध चालत असतात. कारखान्याच्या गेटबाहेर रांग लागली की अर्धा रस्ता वाहनतळ होतो. नोंदणीच्या वेळीच परावर्तक सक्तीचे करणे, रांगेसाठी आत जागा ठेवणे आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या तासाभरात गावातून ट्रेलर न सोडणे, एवढ्यावर बराच फरक पडेल. ऊस तोडायला जाणाऱ्या टोळ्यांत आमच्या जत भागातली माणसेही असतात, म्हणजे या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात आहेत.

रेल्वेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथे आपण हातचे बरेच काही वाया घालवतो आहोत असे मला वाटते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्थानकाशेजारच्या माळावर कारखाना उभारला आणि पुढे त्या स्थानकाचे नावच किर्लोस्करवाडी झाले. गाडी जिथे थांबते तिथे उद्योग उभा राहतो, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या भागात नाही. मिरजेत तर एके काळी तिन्ही रुंदीचे रूळ होते. १९२७ मध्ये पंढरपूरकडून येणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी लाइन मिरजेला जोडली गेली, आज ती ब्रॉडगेज आहे, आणि २०२४ पासून पुणे–कोल्हापूर मार्गावर मिरजेवरून जाणारी वंदे भारतही धावते. पण स्थानकाबाहेर पडल्यावर काय? कराडचे स्थानक ओगलेवाडीला, साताऱ्याचे माहुलीकडे, आणि मिरज–पंढरपूर मार्गावर तर 'जत रोड' नावाचे एक स्थानक आहे, जिथून जत चांगलेच लांब आहे. नावात 'रोड' असलेले स्थानक म्हणजे पुढचा प्रवास रस्त्याने करायचा, ही जुन्या लोकांना ठाऊक असलेली खूण होती. त्या पुढच्या प्रवासाची गाडी रेल्वेच्या वेळेला उभी असावी, हा साधा जोड आपण जुळवलेला नाही. मिरजेच्या दवाखान्यांत जत, कवठेमहांकाळपासून थेट कर्नाटकातील अथणी, विजापूरपर्यंतचे रुग्ण येतात. वान्लेस रुग्णालय १८९४ साली तिथे सुरू झाले. आजारी माणसाला घेऊन आलेल्या कुटुंबाला स्थानकाबाहेर तासभर ताटकळावे लागू नये, यासाठी नवा पूल बांधावा लागत नाही, दोन वेळापत्रके शेजारी ठेवून वाचावी लागतात. सीमेपलीकडच्या गाड्या तर दोन राज्यांतील परस्पर करारावर चालतात आणि सीमावाद तापला की थांबतात, जसे डिसेंबर २०२२ मध्ये झाले. अशा वेळी रुग्णांसाठी तरी काही फेऱ्या चालू राहतील असे आधीच ठरलेले असले पाहिजे.

यंत्रणा एकत्र येऊ शकत नाहीत, हे मला पटत नाही, कारण त्या आलेल्या मी पाहिल्या आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी नेणारी रेल्वे मिरजेहून सुटली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांच्या वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर कृष्णेचे पाणी, आणि अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पाणी उपसणे, ते स्थानकापर्यंत आणणे, वाघिणी भरणे आणि मार्ग मोकळा ठेवणे ही वेगवेगळ्या खात्यांची कामे थोड्या दिवसांत एका वेळापत्रकात बसली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा, सांगली, मिरज आणि कोल्हापूरला जोडणारे रस्ते तुटत गेले. पाण्याच्या कोणत्या पातळीला कोणता रस्ता बंद होतो, हे इथल्या जाणत्या माणसांना तोंडपाठ असते. त्या पातळीनुसार गाड्या कोणत्या मार्गाने वळवायच्या, याचे तक्ते उन्हाळ्यातच छापून प्रत्येक स्थानकावर लावले पाहिजेत.

आमच्या त्या गावच्या गाडीचे पुढे काय झाले, ते सांगतो. मुक्काम का बंद झाला, याची चौकशी करायला आम्ही काही शिक्षक आणि पालक उशिरा का होईना गेलो, तेव्हा कळले की चालक-वाहकांना झोपायला जागा नव्हती आणि शौचालयाची सोय नव्हती. ते गाडीतच, सीटवर अंग टाकत होते. इतकी वर्षे आम्ही गाडीच्या नावाने बोटे मोडली आणि तिच्यात झोपणाऱ्या माणसांचा विचार केला नाही, याचे मला वाईट वाटले. ग्रामपंचायतीने एक खोली रिकामी करून दिली, दोन कॉट, पंखा आणि पाण्याची टाकी बसवली, शौचालय बांधले आणि आगाराला लेखी कळवले. आम्ही आमचा पहिला तास वीस मिनिटांनी पुढे घेतला. दोन पत्रे आणि चार हेलपाटे झाल्यावर मुक्कामी गाडी पुन्हा सुरू झाली, आणि आता पहिल्या तासाला त्या बाजूच्या मुलांची नावे मी पुकारली की उत्तर येते.

शनिवारचे मात्र अजून जमलेले नाही. त्या दिवशी महाविद्यालय साडेदहाला सुटते आणि परतीची गाडी दीडला आहे. तोवर मी ग्रंथालय उघडे ठेवतो. त्यासाठीचे तिसरे पत्र गेल्या आठवड्यात दिले असून, या खेपेस त्यासोबत शनिवारी थांबणाऱ्या मुलांची गाववार यादी जोडली आहे.