चार जीबी रॅम, तरी मेमरी कमी

मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात उधारी आणि स्टॉक अजून क्लिपर या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत बनवलेल्या डॉस (विंडोजच्या आधीची, फक्त कीबोर्डवर चालणारी सिस्टम) प्रोग्रॅमवरच चालतो. माउसला हात नाही, कीबोर्डकडे न बघता एंटर एंटर मारत मामा बिल काढतो, आणि इतकं फास्ट बिलिंग मी दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरवर बघितलेलं नाही.

जुना पीसी गेला म्हणून ३२ बिट विंडोज ७ वालं मशीन आणलं, तर प्रोग्रॅम उघडेचना. 'प्रोग्रॅम टू बिग टू फिट इन मेमरी'. मामा म्हणाला, "अरे चार जीबी आहे ना यात? मग कमी कशी पडते?"

तर त्या चार जीबीशी डॉसचा काही संबंधच नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरची धाव १ एमबीपर्यंतच, त्यातले वरचे ३८४ के (किलोबाइट) डिस्प्ले, बायोस (पीसी चालू करणारा आतला प्रोग्रॅम) वगैरेसाठी राखीव, खाली उरले ६४० के. विंडोज जुन्या प्रोग्रॅमला तेवढीच जागा देते, आणि प्रोग्रॅमच्या आधी त्यात ड्रायव्हर वगैरे बाकीची मंडळी येऊन बसलेली असतात.

कोण बसलंय ते कमांड प्रॉम्प्टवर 'मेम /सी' टाकलं की दिसतं. डॉस प्रोग्रॅमच्या आधी काय काय लोड करायचं ते सांगणारी, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधली ऑटोएक्झेक.एनटी फाइल उघडली (आधी कॉपी काढून ठेवा, आणि नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा नाहीतर सेव्ह होत नाही), त्यात सीडी ड्राइव्हची एमएससीडीईएक्सएनटी आणि नेटवर्कची रिडिर (redir) अशा दोन ओळी होत्या. दुकानात एकच पीसी, सीडी कोण घालतंय, दोन्हींपुढे रेम (REM) लावला, म्हणजे त्या ओळी वगळल्या जातात. पण खरी जागा खाल्ली होती ईएमएसने (डॉस प्रोग्रॅमला ६४० के पलीकडची मेमरी वापरू देणारी जुनी सोय), आधी कुणीतरी शॉर्टकटच्या मेमरी टॅबमध्ये ते चालू केलेलं. ईएमएसला ६४ के ची खिडकी लागते, ती वरच्या भागातून कापली जाते, मग वर बसणारे ड्रायव्हर जागा नाही म्हणून खाली ६४० मध्ये उतरतात. ते 'नन' (None) केलं आणि प्रोग्रॅम एका झटक्यात उघडला.

६४ बिट विंडोजवर यातलं काहीच चालत नाही, तिथे असल्या जुन्या १६ बिट प्रोग्रॅमची सोयच काढून टाकलीय. डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे, त्यात ६३२ के आयतेच मोकळे मिळतात, पण साध्या डॉसबॉक्समधून प्रिंट निघत नाही आणि मामाचं बिल डॉट मॅट्रिक्सवर निघतं, म्हणून मुद्दाम ३२ बिटच शोधलं होतं.

संध्याकाळी पाइप-एल्बोचं बिल कर्रकर्र करत बाहेर आलं, मामाने फाडून गिऱ्हाइकाला दिलं आणि लगेच पुढचं नाव टाइप करायला घेतलं.