ए१, मेट्रोतली कार्डं आणि एकच उत्तर मानणारं सॉफ्टवेअर

जर्मन भाषेच्या ए१ची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, परीक्षा झाली, पास झाले, व्हिसाचे कागदही पुढे सरकले. तरी क्लासमधल्या त्या सॉफ्टवेअरचा राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

नवरा जर्मनीत नोकरीला. जोडीदाराच्या व्हिसासाठी अनेकांना ए१ लागतं, म्हणून नागपुरात धरमपेठेतल्या एका क्लासला नाव घातलं. शिकवणाऱ्या मॅडम छान होत्या. फीमध्येच 'लॅब' होती. संगणकापुढे बसायचं, वाक्यं पुरी करायची, उत्तर लगेच हिरवं नाहीतर लाल. लॅबमध्ये ८० टक्के पडल्याशिवाय सराव परीक्षेला बसू देत नसत.

मी सत्तरच्या घरात अडकले. वाक्य आलं, 'मी आज सिनेमाला जाते.' मी लिहिलं, 'हॉयटं गेहं इश इन्स कीनो.' लाल. त्याला हवं होतं, 'इश गेहं हॉयटं इन्स कीनो.' अहो, दोन्ही बरोबर! जर्मनमध्ये क्रियापद दुसऱ्या जागी बसलं की झालं, 'आज' आधी घ्या नाहीतर 'मी'. हे त्याच क्लासच्या वर्गात शिकवलेलं. वरच्या मजल्यावर बरोबर, खालच्या मजल्यावर चूक.

त्यात दोन टिंबांची अक्षरं. टिंबांचा यू कळफलकावर नाही, म्हणून साध्या यूपुढे ई लिहिला. जर्मन लोक स्वतः ईमेलच्या पत्त्यात असंच लिहितात. पुन्हा लाल. मग कुणीतरी सांगितलं, ऑल्ट दाबून धरा आणि ०२५२ टाका. एला ०२२८, ओला ०२४६. पण हे आकडे उजवीकडच्या वेगळ्या नंबर पॅडवरूनच टाकावे लागतात, आणि लॅबमधल्या बऱ्याच कळफलकांना तो नव्हताच. त्यामुळे वेळेआधी जाऊन नंबर पॅडवाली खुर्ची धरायची. भाषा शिकायला आलो की जागा पकडायला, असं व्हायचं.

काउंटरवर तक्रार केली, तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, बरोबर असन तुमचं. पण सिस्टमच नाही घेऊन राहिली, त मी का करू?" त्याच्यावर तरी काय चिडणार! मॅडमनी वहीत तपासून दिलं, तेही चाललं नाही. शेवटी सॉफ्टवेअरच्या मनात कुठलं वाक्य असेल ते मला ओळखता यायला लागलं आणि ८० पडले. माझं जर्मन तेवढंच होतं.

म्हणजे घोकंपट्टीच वाईट असं नाही हं. लोकमान्य नगरहून बर्डीपर्यंत मेट्रोत मी फोनवर अँकी या पाठांतराच्या अॅपची कार्डं फिरवायचे, आणि माझी परीक्षा खरी त्यावर निघाली. (अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात.) आठवलं तर कार्ड लांबच्या तारखेला जातं, विसरलात तर लगेच परत येतं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात हेच पुठ्ठ्याच्या खोक्यात कप्पे करून सांगितलं होतं. डेर, डी, डास, म्हणजे नामाआधी लागणारे लिंगाचे शब्द, यांना दुसरा इलाज नाही. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, पण जुळत नाहीत. त्यांच्याकडे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. यात तर्क शोधू नका, घोका.

मात्र कार्डं स्वतः करा, आणि मराठीतून करा. तयार संच इंग्रजीतून असतात आणि आपल्याला सोपं असलेलंही अवघड करून ठेवतात. आकडेच बघा. जर्मन पंचेचाळीस म्हणजे पाच आणि चाळीस, आपल्यासारखं एकक आधी. इंग्रजीतून शिकणारे तिथे धडपडतात, आपण का धडपडायचं? फक्त एकोणतीस, एकोणचाळीस सांभाळा, तिथे ते नऊ-वीस, नऊ-तीस म्हणतात. ऐकण्याच्या भागात भाव, फलाट, फोन नंबर येतात आणि घोषणा एकदाच ऐकवतात. आकडे कानाला झटकन कळायलाच हवेत.

बोलण्याच्या भागाला यातलं काही पुरत नाही. तिथे स्वतःची ओळख, नावाची स्पेलिंग, मग कार्ड उचलून त्यावरच्या शब्दावरून समोरच्याला प्रश्न. मी नणंदेला रोज समोर बसवलं. तिला जर्मनचा ज येत नाही, पण कार्ड पुढे करून "बोल लवकर, भाजी करपून राहिली" म्हणणारं माणूस मिळालं, आणि पुण्याला मॅक्स म्युलर भवनात परीक्षकांसमोर त्या घाईचाच उपयोग झाला.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. क्लासची फी भरण्याआधी लॅब दाखवा म्हणा. 'आज' पुढे घेऊन ते सिनेमाचं वाक्य टाका. लाल आलं, तर लॅबची सक्ती आहे का ते विचारा, मग पाकिटाला हात घाला.