मिस्सेतली शांतता आणि मिसोफोनिया

मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, 'प्रभो, मी योग्य नाही' ही प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणून झाली की धर्मगुरू स्वतः ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, ग्रहण करतात. कॉलरला लावलेला माइक तेव्हा बहुधा चालूच राहिलेला असतो. चावण्याचा आवाज, जीभ टाळूला लागल्याचा आवाज, मग गिळण्याचा, असं सगळं स्पीकरमधून चर्चभर ऐकू येतं. बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. मिसोफोनिया, म्हणजे ठरावीक आवाज सहन न होण्याचा त्रास, असलेल्या माणसाचा मात्र तेवढ्या दहा सेकंदांत जबडा आवळतो, छातीत धडधडायला लागतं, तळहात घामेजतात. भक्तीने मान लववायची त्या घडीला आतून संताप उसळतो आणि त्याच्या पाठोपाठ त्या संतापाची लाज.

यावरचा उपाय सोपा आहे. धर्मगुरूंचा माइक त्या प्रार्थनेनंतर बंद करायचा आणि कम्युनियन, म्हणजे भाविकांचं ख्रिस्तशरीर ग्रहण करणं, झाल्यानंतरच्या प्रार्थनेच्या वेळी पुन्हा चालू करायचा. मधल्या काळात त्यांना माइक लागतच नाही. ग्रहण करताना ते जे शब्द म्हणतात, ते उपासनाविधीप्रमाणे हळू आवाजातच म्हणायचे असतात. वेदीवर वेगळा माइक असेल तर तोही बंद करायला सांगा, नाहीतर कॉलरचा बंद करून काही साधत नाही. होस्त, म्हणजे तीच भाकर, मोडली जाते तो विधी थोडा आधीचा. त्या वेळी 'हे देवाच्या कोकरा' चालू असतं, त्यामुळे तो आवाज गाण्याखाली झाकला जातो. मात्र हे गीत गायलं न जाता नुसतं घाईने म्हटलं गेलं, तर तेही झाकण जातं. फादरांना भेटून काही मागायचं असेल तर पहिल्यांदा हेच मागा. खर्च शून्य, कुणाच्या भक्तीत बाधा नाही, आणि ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याला एकदा सांगितलं की काम झालं.

मिसोफोनिया हे नाव 2001 साली मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ यांनी दिलं. ग्रीकमध्ये मिसोस म्हणजे द्वेष, फोने म्हणजे आवाज. नाव थोडं फसवं आहे, कारण इथे सगळ्या आवाजांचा तिटकारा नसतो. ठरावीक आवाज असतात आणि ते बहुतेक माणसाच्या तोंडातून, नाकातून, बोटांतून आलेले: चघळणं, नाक ओढणं, घसा खाकरणं, पेनाची टिकटिक. मोठ्या आवाजाने कान दुखतात तो त्रास निराळा, त्याला हायपरॅक्युसिस म्हणतात. मिसोफोनियात घंटा, ऑर्गन, टाळ्या यांचं काही वाटत नाही, पण तीन बाकं मागे कुणीतरी गोळी चघळतंय तेवढं सहन होत नाही. न्यूकॅसल विद्यापीठातल्या सुखबिंदर कुमार यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं की असे आवाज ऐकताना मेंदूतला अग्र इन्सुला हा भाग नेहमीपेक्षा जास्त पेटतो. 2021 मध्ये त्याच संशोधनातून पुढचा धागा मिळाला. श्रवणाचा भाग आणि तोंड-चेहरा हलवणारा भाग यांच्यातला संबंध या लोकांत अधिक घट्ट असतो. दुसऱ्याचं तोंड जणू आपल्या तोंडात हलतंय, अशी ती घुसखोरी असते. डीएसएम-5 आणि आयसीडी-11 या निदानग्रंथांत याची स्वतंत्र नोंद अजून नाही, म्हणून काही डॉक्टरांनाही हे नाव नवीन वाटतं.

मिस्सेत त्रास कुठे वाढतो ते पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते: गायन आणि सामुदायिक प्रार्थना चालू असताना फारसा होत नाही. तो होतो शांततेत. 'आपण प्रार्थना करू या' नंतरचा विराम, प्रवचनानंतरची स्तब्धता, कम्युनियननंतरचं मौन. ही मौनं उपासनेचाच भाग आहेत, ती काढून टाका असं कुणी म्हणू नये. त्यात झाकणारा आवाज उरत नाही, म्हणून नाक ओढल्याचा बारीक आवाजही टोचतो. पंखा चालू असेल तर तो मदतीला येतो. पंख्याखालची जागा म्हणूनच सोन्याची.

जागेचा विचार नीट करायला हवा. शेवटच्या रांगेत मागून आवाज येत नाही हे खरं, पण उशिरा येणारे, रडणाऱ्या बाळांना घेऊन उभे असलेले, पिशव्या चाळवणारे सगळे तिथेच जमतात. पहिल्या रांगेत समोर कुणी नसतं, पण पाठीवर अख्खं चर्च. माझ्या मते सर्वांत बरी जागा म्हणजे बाजूच्या मार्गिकेतलं टोक, पाठीशी खांब किंवा भिंत असलेलं आणि स्पीकरच्या टप्प्यात. थेट येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबलने उतरतो. चघळणारा माणूस 1 मीटरवर असेल आणि तुम्ही 4 मीटरवर सरकलात तर 12 डेसिबलचा फरक पडतो आणि तो चांगलाच जाणवतो. दगडी, उंच छताच्या चर्चमध्ये घुमण्यामुळे हा फायदा एका अंतरानंतर संपतो, म्हणून नुसतं लांब जाण्यापेक्षा मध्ये खांब येणं महत्त्वाचं. टोकाची जागा आणखी एका कारणाने हवी: उठून जाता येतं. उठता येईल एवढं माहीत असलं तरी अंगातला ताण निम्मा होतो, मग प्रत्यक्षात उठावं लागतंच असं नाही.

कानात काय घालावं याबाबत चुका फार होतात. फोमचे बोळे 30 डेसिबलच्या आसपास आवाज अडवतात, पण ते घातले की स्वतःचा श्वास, स्वतःचं गिळणं आणि स्वतःचे प्रतिसाद डोक्यात घुमायला लागतात. प्रवचनही कळत नाही. वादकांसाठी मिळणारे फिल्टरचे प्लग 10 ते 20 डेसिबल कमी करतात आणि शब्द स्पष्ट राहतात, मिस्सेला तेच योग्य. फोमचेच असतील तर बारीक वळून, विरुद्ध हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धवट घातलेला बोळा फारसं काही अडवत नाही. आवाज काटणारे हेडफोन पंखा, एसी असल्या सलग घरघरीवर चांगले चालतात, चटकन येणारा टोकदार आवाज त्यांतून बराचसा सुटून येतो. त्यापेक्षा एका कानात हळू खळाळत्या पाण्यासारखा आवाज लावलेला उपयोगी पडतो. तोही एवढाच की नको असलेला आवाज त्यात विरघळेल, बुडवायची गरज नाही. चर्चमध्ये श्रवणयंत्रवाल्यांसाठी इंडक्शन लूप बसवलेला असेल तर त्याचा रिसीव्हर आणि हेडफोन मागून बघा: धर्मगुरूंचा आवाज थेट कानात येतो, आजूबाजूचा मागे पडतो. पण कम्युनियनच्या वेळी तो माइक बंद आहे ना, याची आधी खात्री करा!

हे सगळं मिस्सेपुरतं. दिवसभर कान बंद ठेवले तर मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि प्लग काढल्यावर आवाज आणखी बोचतात.

रोझरीचा, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायच्या प्रार्थनेचा, त्रास वेगळा. 'नमो मारिया' ही प्रार्थना 53 वेळा, आणि प्रत्येकीत बाजूला बसलेल्याच्या कुजबुजीतले स, श, च. मोठ्याने आणि एका लयीत म्हटलं तर ते एकमेकांत मिसळतात, पुटपुटलं तर एकेक टोचतो. म्हणून स्वतः मोठ्याने म्हणा, शक्य असेल तर अर्धा भाग पुढाकार घेऊन चालवा. स्वतःचा आवाज हे सर्वांत जवळचं झाकण आहे. हेच तत्त्व गायकवृंदाला लागू. वाचक, गायक, ध्वनियंत्रणेवर बसणारा, दारात स्वागत करणारा अशी कामं मिसोफोनिया असलेल्याला मानवतात, कारण त्यात हालचाल असते आणि हाताला काम. मिस्सेनंतरच्या अल्पोपाहाराला बसण्यापेक्षा वाढायचं काम घ्या. बसावंच लागलं तर त्याच वेळी खा, आपलं तोंड हलत असलं की दुसऱ्याचं कमी खुपतं. घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेत एवढंच सुचवा की खाणं प्रार्थना संपल्यावर यावं, मध्ये नको.

जवळच्या माणसाला सांगायचं असेल तर आवाज चालू असताना कधीच सांगू नका. तेव्हा निघणारा प्रत्येक शब्द आरोपच वाटतो. शांत वेळी बोला आणि माणसाला नाही, आवाजाला नाव द्या: 'मला चघळण्याचा आवाज सहन होत नाही, माझ्या मेंदूची ती अडचण आहे. मिस्सेत मी दुसऱ्या बाकावर बसलो तर राग मानू नका.' मागणी एकच असावी आणि पुरी करता येण्यासारखी. अनोळखी माणसाला काही सांगायला जाऊ नका, जागा बदला.

आता पापाचा प्रश्न, कारण भाविक माणसाला आवाजापेक्षा तोच जास्त पोखरतो. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ याबाबत स्पष्ट आहे: भावना स्वतःहून चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात, बुद्धी आणि इच्छा त्यांत जितकी गुंततात तितकंच नैतिक मोल त्यांना येतं (परिच्छेद 1767). आवाज कानावर पडताच उठलेली ठिणगी पापनिवेदनाचा, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याचा, विषय नाही. त्यानंतर मुद्दाम मारलेली जळजळीत नजर, घरी येऊन बोललेले लागट शब्द, आठवडाभर मनात घोळवलेला आकस, यांचा विचार करा. कबुलीत हे वेगवेगळं ठेवा, नाहीतर प्रत्येक मिस्सेनंतर त्याच ठिणगीची कबुली देत राहण्याचं चक्र सुरू होतं आणि मन नाहक दोषी होतं. पापनिवेदनाच्या पेटीत धर्मगुरूंच्या श्वासाचा आवाज जवळून येतो. त्याचा त्रास होत असेल तर वेळ ठरवून मोकळ्या, मोठ्या खोलीत पापनिवेदन करता येईल का ते फादरांना विचारा.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठात राहिलेल्या संत तेरेझाचं (1873–1897) उदाहरण या लोकांना हटकून दिलं जातं. ध्यानाच्या वेळी जवळ बसणारी एक भगिनी सतत एक विचित्र बारीक आवाज करायची. मागे वळून तिच्याकडे बघावं अशी इच्छा अनावर व्हायची, अंग घामाने भिजायचं, असं तेरेझाने स्वतः लिहून ठेवलं आहे. शेवटी तो आवाज टाळण्याऐवजी एखादं सुंदर संगीत असावं तसा ऐकायचा आणि तीच प्रार्थना म्हणून अर्पण करायची, असं तिने ठरवलं. तिला मिसोफोनिया होता असं म्हणणं चुकीचं, ते आपल्याला ठरवता येणार नाही. पण तिची गोष्ट सांगून 'तूही सहन कर' म्हणणं हेही चुकीचं. त्रास अर्पण करणं ही ज्याची त्याने द्यायची देणगी आहे, दुसऱ्याने मागायची वर्गणी नव्हे. आणि अर्पण करणारा माणूस खांबाआड बसला तर अर्पण कमी होत नाही.

रविवारी मिस्सेला जाण्याचं बंधन कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, 1247 व्या कलमात आहे, आणि 1248 व्या कलमानुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही ते पुरं होतं. गर्दी कमी असलेली मिस्सा निवडायला ही मोठी सोय. अगदीच जमेनासं झालं तर आपणच आपल्याला दोषी किंवा निर्दोष ठरवत बसू नका. आजारासारख्या गंभीर कारणाने सूट असते आणि धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना न्याय्य कारणासाठी ती देताही येते, त्यांच्याशी बोला. उपचारही सोबत चालू असू द्या. कानाचा तज्ज्ञ हायपरॅक्युसिस तपासेल, आणि मानसतज्ज्ञाबरोबरच्या संज्ञानात्मक वर्तन उपचाराने बऱ्याच जणांना फरक पडतो. मिसोफोनियासाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध नाही. जबरदस्तीने तोच आवाज ऐकवत राहणं हा उपचार नव्हे, त्याने चीड वाढू शकते.

मिस्सेत मध्येच लाट आलीच, तर पाय जमिनीवर घट्ट रोवा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, जबडा सैल सोडा. मिनिटभरात उतरली नाही तर उठा. अर्पण गोळा होत असताना बाहेर पडलं तर कुणाचं लक्ष जात नाही. पवित्र, पवित्र, पवित्र झाल्यानंतर उठावं लागलं तर दारापाशी उभे राहा, तिथे शब्द ऐकू येतात. कम्युनियनच्या वेळी बाजूच्या मार्गिकेतून रांगेच्या शेवटी लागा आणि ग्रहण करून परतताना जुन्या जागेवर न जाता त्याच खांबापाशी गुडघे टेका.